दूनच्या नद्या आणि माझी सायकल

देहरादूनला पोस्टिंग निघाली की गावाकडून दोनच प्रश्न येतात: मसुरी तिथून किती लांब, आणि सुट्टीवर येताना बासमती किती किलो आणणार. एप्रिल २०२२ मध्ये माझी निघाली तेव्हा तिसरा प्रश्न आमच्या स्टोअरच्या हवालदाराने विचारला. "साब, साइकिल भी जाएगी?"

सायकल गेली. पेडल काढून, हँडल आडवं करून, पोत्यात शिवून पुणे स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून निजामुद्दीनला आणि तिथून पुढे देहरादूनला. ती काही फार भारी सायकल नव्हे. ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढे सस्पेन्शन, मागे काही नाही, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. आधीच्या युनिटमधल्या एका कॅप्टनसाहेबांना याहून चांगली घ्यायची होती, म्हणून ही मला निम्म्या किमतीत मिळाली. तिने आधी राजस्थानची वाळू खाल्ली होती. दूनमध्ये मात्र तिला खरं काम लागलं.

हा लेख लिहायचं कारण असं की वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये, कुणा ना कुणा माजी सैनिक मित्राचा फोन येतो. मुलगा किंवा पुतण्या ॲकॅडमीतून पास आउट होतोय, दोन-तीन दिवस हातात आहेत, मसुरीच्या मॉल रोडवर गर्दीत फिरायचं नाही, भाड्याने सायकल मिळाली तर जायचं कुठे? प्रत्येकाला फोनवर सांगून दमलो. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. पण वाटा सांगायच्या तर आधी पाणी सांगावं लागेल.

दून म्हणजे दोन डोंगरांमधली लांबट दरी. उत्तरेला मसुरीची रांग, दक्षिणेला शिवालिकच्या बुटक्या टेकड्या. मधली जमीन म्हणजे डोंगरांनी युगानुयुगं खाली ढकललेले गोटे आणि वाळू, वर मातीचं पांघरूण. त्यामुळे इथल्या नद्यांचं वागणं वेगळं. डोंगरातून पाणी खळाळत येतं, सपाटीला लागलं की गोट्यांत शिरून दिसेनासं होतं, आणि काही किलोमीटर खाली झऱ्यांच्या रूपाने पुन्हा वर येतं. मधल्या टप्प्यात हिवाळा-उन्हाळाभर नदी म्हणजे नुसता पांढऱ्या गोट्यांचा रुंद पट्टा. मी माणदेशातला माणूस, कोरडी नदी मला नवी नाही. पण आमची माणगंगा कोरडी असते तेव्हा कोरडीच असते. इथली कोरडी नदी खालून चालू असते.

दुसरी गंमत म्हणजे या शहरातच गंगा आणि यमुनेची वाटणी होते. गढी कॅन्टच्या अंगाने वाहणाऱ्या टोन्सचं पाणी आसन नदीतून यमुनेला जातं. (जौनसारकडची मोठी टोन्स वेगळी, ही धाकटी.) आणि घंटाघराजवळून जाणाऱ्या बिंदालचं पाणी सुसवा, मग सौंग, मग गंगा असं फिरतं. म्हणजे सकाळी पीटीनंतर मी जिथे तोंड धुवायचो ते पाणी यमुनेला आणि रविवारी जिथे जिलेबी खायचो तिथलं गंगेला. शेवटी प्रयागला एकच होणार, पण मधला वळसा केवढा!

पहिली वाट घराजवळची आहे. गढी कॅन्टमधून निघायचं, टपकेश्वरपाशी टोन्सच्या काठाला उतरायचं आणि नदीच्या कडेकडेने चक्राता रोडकडे जायचं. टपकेश्वर म्हणजे नदीकाठच्या गुहेतलं महादेवाचं देऊळ, वरच्या खडकातून पिंडीवर थेंब थेंब पाणी पडतं. येताना एफआरआयच्या कुंपणाबाहेरून यायचं. एफआरआय म्हणजे वन संशोधन संस्था. तिची १९२९ ची लाल विटांची इमारत सिनेमात सगळ्यांनी पाहिलेली असते, पण तिच्या आवारातली झाडं इमारतीहून बघण्यासारखी आहेत. हा सगळा फेरा तास-दीड तासाचा. नवशिक्याला इथेच सोडावं. चढ फारसा नाही, पण गोट्यांवर हँडल घट्ट आवळून धरलं तर पडायला होतं, सैल धरलं तर सायकल आपली वाट आपण काढते, हे इथे कळतं.

याच टोन्समधून बिजापूरचा कालवा निघतो. तो १८४० च्या आसपास कॅप्टन कॉटली या माणसाने काढला. हा गडी मूळचा तोफखान्यातला. तोफा सोडून त्याने आयुष्यभर पाट खणले, आणि १८५४ मध्ये सुरू झालेला गंगेचा मोठा कालवाही त्याचाच. मी सॅपर असल्यामुळे तोफखानावाल्यांचं कौतुक करायला जीभ लवकर वळत नाही. तरी कालव्याच्या कडेने एकदा सायकल चालवून बघा. पेडल मारताना चढ-उतार जाणवतच नाही, आणि शेजारी पाणी मात्र शांतपणे पुढे सरकत असतं. त्या काळच्या लेव्हलिंगचं काम ते. शहरातले जुने कालवे आता बरेचसे रस्त्याखाली गेले. ईस्ट कॅनॉल रोडवर कालवा शोधणारे पाहुणे मी पाहिलेत. तो त्यांच्या पायाखालीच असतो.

दुसरी वाट फौजी माणसाने चुकवू नये अशी आहे. सहस्रधारा रोडवर रिस्पना नदीच्या काठी दोन पांढरे स्तंभ शेजारी शेजारी उभे आहेत. १८१४ मध्ये इथल्या नालापानीच्या टेकडीवर, खलंगाच्या गढीत, बलभद्र कुंवरच्या हाताखाली सहाशेच्या आसपास गोरखे होते, त्यात बायका-पोरंही. इंग्रजांचा जनरल गिलेस्पी ३१ ऑक्टोबरला हल्ल्याच्या तोंडाशीच मारला गेला. नोव्हेंबरअखेरचा दुसरा हल्लाही फसला. मग इंग्रजांनी जे करायला हवं होतं ते केलं: गढीचं पाणी तोडलं. गढीत पाणी नव्हतं, ते बाहेरच्या झऱ्यावरून यायचं. तीन-चार दिवसांत संपलं. ३० नोव्हेंबरला बलभद्र उरलेल्या सत्तर-एक माणसांना घेऊन बाहेर पडला आणि वेढ्यातून निसटून गेला. खाली जे दोन स्तंभ आहेत त्यांतला एक इंग्रजांनी आपल्या मेलेल्यांसाठी उभारला आणि दुसरा शत्रूसाठी. लढलेल्या शत्रूचं स्मारक बांधणारी फौज मी तरी दुसरी फारशी पाहिली नाही.

स्तंभांपासून टेकडीवर जायला सालाच्या जंगलातून कच्चा रस्ता आहे. आपल्याकडे जसा साग तसा इथे साल. सरळ खोड, वर जाऊन मगच फांद्या. मार्च-एप्रिलमध्ये पानं झडतात आणि त्याच वेळी नवी लालसर पालवी येते, त्यामुळे झाड कधी पुरतं उघडं पडत नाही. त्या दिवसांत वाटेवर वाळल्या पानांचा थर साचतो. त्याखाली खड्डा आहे की मूळ आहे ते दिसत नाही, तेव्हा उतरताना वेग आवरावा. जूनमध्ये पंखवाली बियाणी भिरभिरत खाली येतात. पहिला पाऊस वेळेवर आला तर रुजतात, नाही तर आठवडाभरात वाया. या खलंगाच्या जंगलातले साल २०२४ मध्ये पाण्याच्या टाकीच्या एका योजनेसाठी तोडायचं घाटत होतं. तेव्हा शहरातली माणसं, म्हातारी-कोतारी, शाळकरी पोरं इथे येऊन उभी राहिली. मी ड्युटीवर होतो, वर्दीतल्या माणसाने अशा ठिकाणी जायचं नसतं. पण नंतर रविवारी सायकल घेऊन गेलो. खोडांना धागे बांधलेले होते.

तिसरी वाट मोठी. रायपूरवरून मालदेवता, तिथून सौंग नदीच्या पात्राने खाली, मग थानोच्या जंगलातून रानीपोखरीच्या दिशेने. पूर्ण केली तर पन्नास किलोमीटरच्या वर जाते, अर्धीच केली तरी पोट भरतं. मालदेवत्याला बांदल नावाची छोटी नदी सौंगला मिळते. लोक तिथे मॅगी खाऊन परत फिरतात. आपण पात्रात उतरायचं.

टायरची हवा रस्त्यावर चाळीसला असेल तर इथे तीसच्या खाली आणावी. त्याहून कमी केली तर ट्यूब दगड आणि रिममध्ये चिमटून फुटते. आणि वाट कुठली धरायची? ती नदीलाच विचारायची. पात्रातले जे गोटे स्वच्छ पांढरे, ते गेल्या पावसाळ्यात हललेले. तिथे चाक रुततं. ज्यांच्यावर काळपट डाग धरलेत, मधे मधे कास गवत आलंय, तो बसलेला थर, तिथे सायकल धावते. अजून थोडं उंचावर खैर आणि शिसवाची रोपं दिसतात. ही दोन झाडं नदीने सोडलेल्या जमिनीवर सगळ्यात आधी येतात. शिसव कमरेएवढं असेल तर नदी दोन-तीन वर्षं तिकडे फिरकलेली नाही. खैराचं चांगलं रान झालं असेल तर ती जागा तिने बरीच वर्षं सोडलीय. आणि सालाचं जंगल लागलं की समजा, नदी तिथे कुणाच्या आजोबाच्या वेळी होती.

जून २०२२ मध्ये मी या वाटेने तीन वेळा गेलो. पात्राच्या मधोमध एक उंचवटा होता, त्यावर शिसवाची तीस-चाळीस झाडं, माझ्या डोक्यापेक्षा उंच. तिथे सावलीत बसून डबा खायचा हा ठरलेला कार्यक्रम. १९ ऑगस्टच्या रात्री वर सरखेत गावाच्या अंगाला ढगफुटी झाली. २० तारखेला पहाटे सौंग जी आली, तिने घरं नेली, माणसं नेली, थानोजवळचा पूल मोडला. महिन्याभराने मी गेलो तेव्हा पात्रात उतरायचा रस्ता राहिला नव्हता. पलीकडच्या दरडीवरून बघत होतो. तो उंचवटा, ती शिसवं, काही नव्हतं. तिथे घराएवढाले धोंडे होते, आणि ते नव्या चुन्यासारखे पांढरे होते.

त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०२१ मध्ये, रानीपोखरीचा जाखन नदीवरचा पूल भर रहदारीत कोसळला होता. म्हणून सांगतो: १५ जून ते सप्टेंबरअखेर पात्रात चाक घालायचं नाही. आभाळ निळं आहे, पाणी घोट्याएवढं आहे, हे काही कामाचं नाही. पाऊस डोंगरापलीकडे पडत असतो आणि तुम्हाला ढग दिसत नाही. आवाज आधी येतो, मालगाडीसारखा. तो ऐकू आला तर सायकल सोडून काठ गाठायचा.

थानोच्या जंगलाबद्दल दोन शब्द. ते हत्तींच्या येण्याजाण्यातलं रान आहे. मोटारीचा आवाज हत्तीला दुरून कळतो, सायकलचा कळत नाही, आणि वळणावर आपण अचानक समोर उभे राहतो. त्यामुळे उजाडायच्या आधी नाही, दिवस कलल्यावर नाही, आणि वळणाआधी घंटी वाजवायची. शहरातली पोरं सायकलला घंटी लावत नाहीत, फॅशनला बाधा येते. मी पितळेची, दूधवाल्याच्या सायकलची लावली होती. रस्त्यावर ताजं शेण दिसलं आणि त्यातून वाफ निघत असेल तर त्या दिवशी जंगल त्याचं. परत फिरावं.

चौथी वाट राजपूरची. तिच्यासाठीच मी एवढा लांबून आलो.

मोटाररस्ता नव्हता तेव्हा मसुरीला जाणारे लोक राजपूरला घोडा नाही तर डांडी करत आणि झडीपानी, बार्लोगंज असे वर चढत. ती घोडेवाट अजून आहे. शहनशाही आश्रमापासून सुरू होते, झडीपानीपर्यंत चार-पाच किलोमीटरमध्ये चारशे-पाचशे मीटर चढवते. चढताना अर्धी सायकल चालवायची, अर्धी ढकलायची, त्यात लाजण्यासारखं काही नाही. उतरताना मात्र असं सुख दुसरं नाही. खाली सगळी दून पसरलेली, पलीकडे शिवालिक, डावीकडे सौंगचा पांढरा पट्टा चमकतोय.

सॅपरच्या नजरेने बघाल तर ही वाट एक धडा आहे. दीडशे वर्षांहून जुनी, पाऊस इथे बेसुमार, तरी ती वाहून गेली नाही. कारण ज्याने आखली त्याने घाई केली नाही. डोंगर कितीही उभा असो, वाट त्याला आडवी जाते, नागमोडी. डोंगराचा जेवढा उतार त्याच्या निम्म्याहूनही कमी वाटेचा. दरीच्या बाजूला किंचित कललेली, म्हणजे पाणी वाटेवरून लांब धावत नाही, आडवं ओलांडून निघून जातं. वळणांवर दगड रचलेले.

या वाटेच्या सुरुवातीला एक चहाची टपरी आहे. तिथे मला साब भेटले. गढवाल रायफल्समधून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, पंचाहत्तरीचे, पाठ अजून परेडवरची. माझे केस बघूनच ओळखलं. कुठली युनिट, कुठलं गाव, हे सगळं झालं. "बॉम्बे सॅपर? फिर तो मिट्टी समझते होंगे," असं म्हणून त्यांनी माझ्या सायकलकडे बघून तोंड वाकडं केलं. "ये भी उन्हीं लड़कों वाली है." कुठली पोरं ते मला तेव्हा कळलं नाही.

मसुरीचा हा दक्षिण उतार एके काळी चुनखडीच्या खाणींनी पांढरा झाला होता. जुने लोक सांगतात, देहरादूनहून बघितलं की डोंगराला खरूज झाल्यासारखी दिसायची. सुरुंग लावायचे, दगड काढायचे, उरलेला चुरा उतारावरून खाली लोटून द्यायचा. पावसात तो सगळा नद्यांमध्ये. देहरादूनच्या एका संस्थेने याबद्दल सुप्रीम कोर्टाला लिहिलं आणि १९८५ मध्ये कोर्टाने बऱ्याचशा खाणी बंद करायला लावल्या. पर्यावरणाच्या कारणाने देशात लढलेल्या अगदी सुरुवातीच्या खटल्यांतला तो एक. पण खाण बंद केली म्हणजे डोंगर आपोआप बरा होत नाही. त्यासाठी माणसं लागली आणि ती फौजेने दिली. १ डिसेंबर १९८२ ला १२७ इन्फंट्री बटालियन (टीए) इकॉलॉजिकल उभी राहिली होती, गढवाल रायफल्सशी जोडलेली. सगळे पेन्शनवर गेलेले, त्याच डोंगरातले जवान. पुन्हा वर्दी चढवायची, हातात रायफलऐवजी कुदळ. पुढे अशा बटालियन राजस्थानात, जम्मूत, कुमाऊंत, आसामात झाल्या. आपल्या मराठवाड्यातही आहे, औरंगाबादला, १३६, महार रेजिमेंटची. साबांनी पेन्शन घेतल्यावर १२७ मध्ये कितीतरी वर्षं काढली.

दुसऱ्या भेटीत ते मला वर घेऊन गेले. घोडेवाटेवरून बाजूला तासभर चालत. जंगल होतं, दाट. मला त्यात खास काही दिसलं नाही. त्यांनी काठीने पाचोळा बाजूला केला. खाली माती नव्हती, चुनखडीचा चुरा होता. ती खाण होती. मग एकेक दाखवू लागले. इथे तारेच्या जाळीतले दगड, आता शेवाळाने झाकलेले. इथे चर. इथे आधी गवत लावलं, कारण झाड जगलंच नसतं. मग निर्गुडी. "बकरी नहीं खाती, और डंडी गाड़ दो तो पकड़ लेती है." आमच्याकडे आजी गुडघ्याला निर्गुडीचा शेक देते, एवढाच माझा त्या झाडाशी संबंध. साब म्हणाले, आमच्या गुडघ्यालाही तीच आणि डोंगरालाही तीच. झाडं आली ती त्यानंतर, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी.

आणि या सगळ्याच्या मधून, वरपासून खालपर्यंत, एक सरळ रेघ गेली होती.

सायकलवाल्या पोरांनी केलेली डाउनहिलची वाट. दोन पावसाळे झाले होते तिला. मी तिच्यात उतरलो तर मांडीपर्यंत गेलो. असं होतं ते कसं, हे सायकल चालवणाऱ्यालाच नीट सांगता येईल. उभा उतार, वेग आवरत नाही, मागचा ब्रेक गच्च ओढला जातो, चाक फिरायचं थांबतं आणि घसटत जातं. पाचोळा निघतो, मग मातीची साल निघते. शंभर फेऱ्यांनी चार बोटांची खाच पडते. पाण्याला तेवढी पुरते. ते आता पसरत नाही, त्या खाचेतून धावतं, आणि धावतं पाणी दगड उचलतं. आमच्या माणदेशात पाणलोटाचं काम शिकवणारे हेच सांगतात, की पळणाऱ्या पाण्याला आधी चालायला लावा. इथे चालणाऱ्या पाण्याला कुणीतरी पळवलं होतं. चरांच्या तीन ओळी त्या घळीने मधोमध कापल्या होत्या. एका बाजूला निर्गुडीची मुळं हवेत लोंबत होती.

साब काही बोलले नाहीत. मुळांवर माती ओढत राहिले, काठीने.

ती पोरं मी दोन रविवारांत शोधून काढली. कॉलेजची सहा-सात पोरं आणि एक मुलगी, माझ्याहून कितीतरी चांगलं चालवणारी. मला वाटलं होतं वाद होईल. पण मी खाणीचं सांगितलं तेव्हा त्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांना माहीतच नव्हतं. त्यांच्या जन्माआधी तो डोंगर हिरवा झाला होता. त्यांच्या लेखी ते जंगल कायमचंच होतं. त्यातली मुलगी म्हणाली, "अंकल, कहीं लिखा भी तो नहीं है." खरंच होतं. आपल्या माणसांचं काम इतकं चांगलं झालं होतं की त्याचा मागमूस उरला नव्हता, आणि पाटी कुणी लावलेली नव्हती.

वनखात्याच्या माणसाला विचारून, मे २०२४ मध्ये चार रविवार आम्ही त्या घळीत काम केलं. अकरा बांध घातले. महाराष्ट्रात कृषी खात्याची माणसं ज्याला अनगड दगडी बांध म्हणतात तेच. सिमेंट नाही, तिथलेच दगड रचून. दोन्ही काठांत बांध हातभर घुसवायचा, नाही तर पाणी बगलेतून फोडतं. मध्ये थोडा खोलगट ठेवायचा, पाणी मधूनच सांडावं. खाली दगडांचा पायरीसारखा थर, नाही तर पडणारं पाणी पायाच खणतं. आणि अंतर असं, की खालच्या बांधाचा माथा आणि वरच्याचा पायथा एका पातळीत यावा. पातळी काढायला माझी पाण्याची नळी होती. साबांनी ती वापरू दिली, पण एका बांधाला डोळे बारीक करून म्हणाले, दोन बोटं वर आहे. मोजलं. होता.

पोरं दगड वाहून वाहून रडकुंडीला आली, पण आली चारही रविवार. नवी वाट त्यांनीच आखली, घोडेवाटेला समांतर, उताराला आडवी. वेग कमी, वळणं जास्त. त्यातला एक मला म्हणाला, ही जास्त अवघड आहे. मी म्हटलं, मग?

त्या पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये बघितलं तर अकरांपैकी नऊ बांधांत गाळ काठोकाठ भरला होता. एक फुटला, एक बगलेतून गेला. गाळात निर्गुडीच्या काड्यांना पानं होती. साब खाली बसून पानं मोजत होते, रिकामं काडतूस मोजावं तशी.

माझी पोस्टिंग २०२५ च्या उन्हाळ्यात संपली. आता खडकीत आहे, सायकलही आहे, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाते. १६ सप्टेंबर २०२५ ला बातम्यांत सहस्रधारा दिसली, मग टोन्स टपकेश्वरच्या आवारात शिरलेली दिसली, आणि टोन्समध्ये वाहून गेलेल्या मजुरांचं ऐकलं. मी ज्या काठाने रोज जायचो तो काठ. दोन दिवस साबांचा फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी लागला. घर ठीक, चहाची टपरी ठीक. मी डोंगराबद्दल विचारायच्या आतच म्हणाले, "ऊपर वाले दो गए. सात खड़े हैं." पोरं गेली होती त्यांच्याबरोबर बघायला. नवी वाट त्यांनी स्वतःच या वर्षापुरती बंद केलीय, माती ओली आहे म्हणून.

तेव्हा येत्या पासिंग आउटला जाणाऱ्यांनी असं करावं. डिसेंबरचे असाल तर खलंगा आणि घोडेवाट बघा, टोन्सच्या काठाची आधी चौकशी करा, सौंगच्या पात्रात गावातल्या कुणाला विचारल्याशिवाय उतरू नका. जूनचे असाल तर मला आधी कळवा. साब सकाळी सातला त्या टपरीवर असतात. निर्गुडीच्या काड्या ते कापून ठेवतात, अंगठ्याएवढ्या जाड, हातभर लांब. ओल्या गोणपाटात गुंडाळून कॅरियरला बांधायच्या आणि वर न्यायच्या. काडीचं खालचं टोक तिरकं कापलेलं असतं, तेच मातीत जातं. उलटी लावलीत तर साब उपटून परत लावायला लावतील.